फाउल

तेवीस वर्षं मी पार्क मैदानावर पिस्तूल उडवलं.
टिकलीचंच, पण हात वर गेला
की कबुतरं आधी उठायची, पोरं नंतर.
मला वाटायचं, शर्यत माझ्या आवाजातून निघते.

अनुषा कोडम पाचव्या लेनमध्ये असायची.
बार तिच्यापर्यंत पोचायचा नाही.
पोचायची ती चौथ्या लेनमधल्या पोरीची टाच.
टाच हलली की ही निघायची.
उसनी टाच शंभर मीटरला किती महाग पडते
ते घड्याळाला विचारा.
मी कधी विचारलं नाही. मी म्हणायचो,
पाय चांगलेत हो, सुरुवात ढिली.
तिच्या बापासमोर म्हणायचो,
आणि तो मान डोलवायचा,
कारण अठ्ठावीस वर्षं मागावर काढल्यावर
त्यालाही माझं निम्मंच ऐकू यायचं.

एकदा टॉवेल घ्यायला त्याच्या कारखान्यात गेलो,
अशोक चौकाच्या मागे.
चोवीस माग एकदम.
मी ओरडलो ते माझं मलाच कळलं नाही.
आणि तिथे सगळे बोलत होते की!
दोन बोटं: चहा.
मनगट उलटं: कांडी संपली.
कपाळाला मूठ: मालक आला.
दारात बसलेली अनुषा
कुणाच्या तरी विनोदावर पोट धरून हसत होती.
बहिरा तिथे मी होतो.

जॉबर इरप्पा म्हेत्रे बाहेर आला, विडी पेटवली.
'सर, ताण्याचा धागा तुटला तर माग थांबतो.
तो काय ऐकतो का?
पत्ती पडते, तारेला तार लागते, बास.
तुमच्या चापाला एक बटन बसवू द्या,
दिवा माझ्याकडं लागला.'

पहिला दिवा मार्चच्या साडेतीनला
दिसेचना.
इथलं ऊन कुणाला उजेड पाडू देत नाही.
मग त्याने सुताचा रिकामा कोन आणला, पुठ्ठ्याचा,
आतून काळा रंगवला, तळाशी दिवे बसवले
आणि ठेवला तिच्या बोटांपुढे, मातीत.
लाल, जागेवर.
पिवळा, तयार.
हिरवा आणि माझा बार
एकाच चापावर.

दुसऱ्या शाळेचे सर म्हणाले, हिलाच जास्तीची सोय का?
मी म्हणालो, तुमच्या पोरींना कान आहेत
ती सोय कुणाची?
म्हणजे, हे सुचलं घरी, भाकरी मोडताना.
तिथे मी नुसती शिट्टी पुसत राहिलो.

जिल्ह्याच्या फेरीत
पिवळ्यावर आठही पाठी वर आल्या.
माझं बोट चापावर होतं, दाबलं नव्हतं,
आणि पाचव्या लेनमधून ती सुटली.
कुणाची टाच न बघता.
सगळ्यांच्या आधी.

मी दुसरा बार टाकला, परत या म्हणून.
सात पोरी जागीच उभ्या राहिल्या.
ती पळत होती.
थांबवायचा दिवा आम्ही केलाच नव्हता,
सुरू कसं करायचं, एवढंच डोक्यात.
अख्खे शंभर मीटर ती एकटी पळाली,
दोरीला छाती लावून वळली
तर मागे नुसती चुन्याची रेघ.

तिच्यापर्यंत चालत गेलो. लांब वाटलं ते अंतर.
लाल कार्ड दाखवलं, नियम तो नियम.
तिने कार्ड पाहिलं, मग माझं तोंड,
आणि दोन्ही हात डोक्यावर मारून
अशी हसली, की माझा हात
कार्डासकट खाली आला.
जन्मातला पहिला फाउल.
उशिरा निघणाऱ्याच्या नशिबी तो कुठला?

कुंपणापलीकडून बाप हात हलवत विचारत होता,
काय झालं, काय झालं?
तिने मनगट उलटं केलं.
मग बोट गरागरा फिरवलं: नवी भरते.

रविवारी इरप्पा आला दुसरा कोन घेऊन,
खांद्यावर वायरीचं भेंडोळं.
मी म्हटलं, शेवटाला लावू.
'शेवटाला कशाला,' तो म्हणाला, 'तिसावर लावू.
एवढी पळवून मग सांगायचं का पोरीला?'